न थांबणाऱ्या डोळ्यातल्या पेशींचा फोटो कसा काढतात

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत सगळे हात मांडवाखाली असतात. मान वर, नजर वर, आणि कापलेली काडी तारेवरून सुटते ती कधीकधी थेट डोळ्यावर येते. त्या वेळी नुसतं खुपतं. डोळा पाण्याने धुतला जातो, गावातल्या मेडिकलमधून एखादा ड्रॉप आणला जातो. चार-पाच दिवसांनी डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर मोहरीएवढा पांढुरका ठिपका दिसायला लागतो. नाशिकला आल्यावर डॉक्टर स्लिट लॅम्पखाली, म्हणजे प्रकाशाची बारीक चीर टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, तो ठिपका पाहतात. जखम चिघळली आहे एवढं लगेच कळतं. ती जिवाणूने चिघळली की बुरशीने, हे नुसतं पाहून खात्रीने सांगणं अनुभवी डोळ्यालाही जमत नाही.

सगळे उपचार मात्र त्या एका उत्तरावर ठरतात. जिवाणू असतील तर अँटिबायोटिक. बुरशी असेल तर नॅटामायसिन, सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे. मधल्या काळात लाली जावी म्हणून कुणी स्टेरॉइडचा ड्रॉप घातला असेल तर बुरशीला रान मोकळं मिळतं. जखम भरली तरी पांढरा डाग उरतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो, आणि ते बरोबर मध्यभागी पडलं तर नजर गेलीच. जखमेचा कण खरवडून, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिला तर बुरशी त्याच दिवशी सापडू शकते. प्रयोगशाळेत वाढवून पाहायची तर काही दिवस, कधी दोन आठवडेही जातात. शिवाय खरवडून येतं ते वरचंच. खोल गेलेला धागा खालीच राहतो.

म्हणून काहीही न खरवडता, जिवंत डोळ्यातच तो धागा पाहायचा, ही कल्पना मोलाची आहे. बुरशीचा धागा साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढी वस्तू कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा मायक्रोस्कोपही दाखवतो. मोठं करून दाखवणं कधीच अवघड नव्हतं. अवघड आहे ते दोन गोष्टींमुळे: डोळ्याचा पृष्ठभाग काचेसारखा पारदर्शक आहे, आणि डोळा क्षणभरही थांबत नाही.

अर्ध्या मिलिमीटरातले थर

बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, पुस्तकी मराठीत पारपटल. मध्यभागी त्याची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्याच्या वर अश्रूंचा जेमतेम ३ मायक्रॉनचा थर. त्याखाली पेशींचं वरचं आवरण, सुमारे ५० मायक्रॉन जाड, पाच ते सात पेशींच्या थरांचं. यात अगदी वरच्या पेशी चपट्या आणि पसरट, ५० मायक्रॉनपर्यंत रुंद. तळाच्या पेशी लहान, १० मायक्रॉनच्या आसपास, एकमेकींना खेटून बसलेल्या. खालून नव्या पेशी येतात, वरच्या गळून पडतात आणि आठ-दहा दिवसांत सगळं आवरण नवं होतं. वरवरची खरचट इतक्या लवकर भरते ती यामुळेच.

या आवरणाच्या तळाशी नसांचं नाजूक जाळं पसरलेलं असतं. डोळ्यात कुसळ गेलं की जीव कासावीस होतो तो या नसांमुळे. कॉर्नियाइतकी दाट नसांची जागा शरीरात क्वचितच सापडेल. जुन्या मधुमेहात या नसा विरळ होत जातात, म्हणून मधुमेहाने नसांना किती धक्का बसला हे समजून घेण्यासाठीही अभ्यासक आज कॉर्नियाकडे वळतात. त्याखाली मुख्य गाभा, आणि सगळ्यांत आत पेशींचा एकच थर, जो पाणी उपसून कॉर्निया स्वच्छ ठेवतो. मोठ्या माणसात या थरात चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० ते ३,००० पेशी असतात आणि त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत.

हे सगळं पारदर्शक असल्यामुळेच आपल्याला दिसतं, आणि मायक्रोस्कोपला अडचण होते तीही त्यामुळेच. हवेतून कॉर्नियावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे अडीच टक्के भाग पृष्ठभागावरूनच परततो. आतल्या पेशींकडून येणारा प्रकाश त्याच्या तुलनेत अगदी क्षीण. वर, खाली आणि मधल्या थरांतून आलेला हा सगळा प्रकाश एकमेकांत मिसळतो. स्लिट लॅम्पवर ४० पट मोठं करून पाहिलं तरी वरच्या आवरणातली एकेक पेशी सुटी दिसत नाही.

कवडसा आणि छिद्र

पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात कवडसा पडला की हवेतले धूलिकण चमकताना दिसतात. धूळ सगळ्या खोलीत असते, पण प्रकाश जिथे पडतो तिथलीच दिसते. कॉन्फोकल मायक्रोस्कोप हीच युक्ती दोन्ही बाजूंनी वापरतो. भिंगातून प्रकाशाचा एक बारीक ठिपका एका ठरावीक खोलीवर पाडायचा, आणि परतणारा प्रकाश संवेदकावर पडण्याआधी सुईच्या टोकापेक्षाही लहान छिद्रातून गाळायचा. ज्या खोलीवर ठिपका जुळलेला आहे तिथला प्रकाश छिद्रातून नेमका पार होतो. वरच्या-खालच्या थरांतून आलेला प्रकाश छिद्रापाशी पसरलेला असतो, त्यातला बहुतेक अडवला जातो. अशा रीतीने पातळ काप न घेता डोळ्याचा ४ ते ८ मायक्रॉनचा काप नुसत्या प्रकाशाने वेगळा करता येतो.

अमेरिकी संशोधक मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ मध्ये ते मिळालं. त्यांना मेंदूतल्या पेशींचं जाळं पाहायचं होतं. पण एका वेळी एकच ठिपका दिसत असल्यामुळे पूर्ण चित्र व्हायला फार वेळ लागे. १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या पेट्रान आणि हाद्रावस्की यांनी हजारो छिद्रांची फिरती तबकडी वापरली. अनेक ठिपके एकाच वेळी पडू लागले आणि जिवंत ऊतीचं चित्र डोळ्यांदेखत दिसू लागलं. पण अशा तबकडीतून शंभरातला जेमतेम एक भाग प्रकाश पलीकडे जातो, त्यामुळे चित्र अंधूक. इथेच या सगळ्या विषयाची मूळ ओढाताण समोर येते. वेग वाढवला की प्रकाश कमी पडतो.

आज दवाखान्यांत प्रामुख्याने वापरतात तो लेसरने रेघांमागून रेघा ओढणारा प्रकार. जर्मन बनावटीचा, कॉर्नियासाठीचा रोस्टॉक मॉड्यूल नावाचा जोडभाग लावलेला हायडेलबर्ग टोमोग्राफ हे त्याचं सर्वांत प्रचलित उदाहरण. त्यात ६७० नॅनोमीटरचा लाल लेसर वापरतात. एका चित्रात ४०० × ४०० मायक्रॉनचा चौकोन मावतो, ३८४ रेघा आणि प्रत्येक रेघेत ३८४ ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण एका मायक्रॉनचा. एका चित्राला २४ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला ३० चित्रं निघतात.

हे आकडे कोरडे वाटतील. पण डोळ्याच्या हालचालीशेजारी ठेवले की त्यांचा अर्थ लागतो.

डोळा किती हलतो

एका बिंदूकडे टक लावून पाहतानाही डोळा तीन प्रकारे हलत असतो. एक अखंड बारीक कंप. दुसरं सावकाश सरकणं. तिसरे बारीक झटके, सेकंदाला सरासरी एक-दोन. यात छातीच्या ठोक्यागणिक डोळ्याचं पुढेमागे होणं, श्वासाबरोबर डोक्याचं त्याहून जास्त हलणं आणि मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवणं मिळवा.

डोळ्याचा गोळा सुमारे १२ मिलिमीटर त्रिज्येचा. तो एक अंश वळला तर पृष्ठभाग २१० मायक्रॉन सरकतो. सावकाश सरकताना समजा वेग सेकंदाला अर्धा अंश आहे. मग सेकंदाला १०५ मायक्रॉन, आणि २४ मिलिसेकंदांत अडीच मायक्रॉन. तळाची पेशी १० मायक्रॉनची, त्यामुळे हे चालून जातं. बारीक झटक्याचा वेग मात्र सेकंदाला २० अंश धरला तरी ४,२०० मायक्रॉन होतो, म्हणजे त्याच २४ मिलिसेकंदांत १०० मायक्रॉन. चित्राच्या रुंदीचा पाव भाग!

साध्या कॅमेऱ्याची झडप २४ मिलिसेकंद उघडी असती तर या झटक्यात सगळ्या पेशी पुसल्या गेल्या असत्या. रेघांनी काढलेल्या चित्राचं तसं होत नाही. २४ मिलिसेकंद भागिले ३८४ म्हणजे एका रेघेला साडेबासष्ट मायक्रोसेकंद. तेवढ्यात झटक्याच्या वेगानेही डोळा पाव मायक्रॉन सरकतो, एवढंच. म्हणून प्रत्येक रेघ स्पष्ट असते, पण रेघा एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असतात. धावत्या एसटीतून मोबाइलवर पॅनोरामा काढला तर विजेचे खांब तिरके आणि डोंगर लांबट येतात, तसंच. चित्र धूसर होत नाही, वाकडं होतं. गोल पेशी लांबुळकी दिसते, सरळ नस नागमोडी दिसते.

हा फरक लक्षात ठेवावा असा आहे. धूसर चित्रातली हरवलेली माहिती परत मिळवणं फार अवघड. वाकडं चित्र मात्र सरळ करता येतं. एकाच जागेची आठ-दहा चित्रं घ्यायची, त्यांच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टी दुसऱ्या चित्रात कुठे जुळते ते संगणकाने शोधायचं आणि पट्ट्या जागच्या जागी बसवायच्या. दोन चित्रांत पुरेसा भाग सामाईक नसेल तर हे जमत नाही, म्हणून यंत्र हळू सरकवणारा हात महत्त्वाचा.

मग वेग आणखी का वाढवत नाहीत? प्रकाश. एका ठिपक्याला आताच सुमारे ०.१६ मायक्रोसेकंद मिळतात. प्रकाश कणाकणाने येतो, आणि मोजलेल्या कणांच्या संख्येचं वर्गमूळ एवढी चलबिचल त्यात स्वभावतःच असते. ४०० कण आले तर चलबिचल २० ची, पाच टक्के. वेग चौपट केला तर कण १०० च आले, चलबिचल १० ची, म्हणजे दहा टक्के. चित्र दाणेदार होतं आणि पेशींच्या पुसट कडा त्या दाण्यांत हरवतात. लेसर प्रखर करावा तर डोळ्याच्या सुरक्षिततेची मर्यादा आडवी येते, आणि ती ओलांडण्याचा प्रश्नच नाही.

तपासणी कशी होते आणि कुठे बिघडते

आधी कॉन्टॅक्ट लेन्स काढतात. मग बधिर करणारा प्रोपॅराकेन ०.५ टक्क्याचा एखाद-दुसरा थेंब. यंत्राच्या भिंगावर वाटाण्याएवढं पारदर्शक जेल ठेवतात आणि त्यावर एकदाच वापरायची, निर्जंतुक, पातळ अॅक्रिलिकची टोपी बसवतात. डोळ्यावरही थोडं जेल घालतात. हे जेल नुसतं मऊपणासाठी नसतं. प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण पाण्याच्या आणि कॉर्नियाच्या जवळपास असतो, त्यामुळे पृष्ठभागावरून परतणारा तो अडीच टक्क्यांचा झगमगाट जवळजवळ नाहीसा होतो.

हनुवटी आणि कपाळ पट्टीला घट्ट टेकवायचं. दुसऱ्या डोळ्याने समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचं. हे दुसऱ्या डोळ्याचं काम लोकांना क्षुल्लक वाटतं, पण चित्राची निम्मी स्थिरता त्यातूनच येते, कारण दोन्ही डोळे एकत्र वळतात. यंत्र हळूहळू पुढे आणून टोपी कॉर्नियाला हलकीच टेकवतात. टोपीच्या पृष्ठभागाची चकाकी दिसली की तिथे खोली शून्य धरतात आणि मग आत जायला सुरुवात. एका डोळ्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते जेलमुळे. टोपी बसवताना आत बुडबुडा राहिला तर चित्रात काळा गोल दिसतो किंवा एक कोपरा मंद पडतो. टोपी तिरकी टेकवून, जेल एका बाजूने वर येऊ देत बसवली तर बुडबुडा राहत नाही. दुसरी चूक दाबाची. टोपी जास्त टेकली की आवरणाखालच्या थराला सुरकुत्या पडतात आणि चित्रात काळ्या पट्ट्या उमटतात. नवख्या माणसाला त्या आजाराच्या खुणा वाटतात. दाबाने कॉर्निया थोडी चेपतेही, त्यामुळे पडद्यावरचा खोलीचा आकडा घसरतो. अहवालात १२० मायक्रॉन लिहिलं असेल तर ते अंदाजे समजावं. पेशींच्या आकारावरून थर ओळखणारा तंत्रज्ञ त्या आकड्यापेक्षा विश्वासाचा.

खोलीनुसार चित्रांची मालिका घेतात तेव्हा साधारण ४० चित्रं, २ मायक्रॉनच्या अंतराने, असे ८० मायक्रॉन पार करतात. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे याला सव्वा ते दीड सेकंद. एवढ्या वेळात एखादा झटका यायचाच, म्हणून तज्ज्ञ एकाच जागेवरून दोन-तीन मालिका घेतात. रुग्णाने श्वास अगदी रोखून धरू नये. रोखलेला श्वास सुटताना डोकं जास्त हलतं. संथ, उथळ श्वास बरा.

जखम फार खोल असेल, कॉर्निया पातळ होऊन फुटण्याच्या बेतात असेल, तर टेकवून करायची ही तपासणी करू नये. डोळे आलेले असताना तातडीची गरज नसेल तर पुढे ढकलावी.

धागा की नस

बुरशीचे धागे चित्रात करड्या पार्श्वभूमीवर पांढरे, ठळक, बऱ्यापैकी एकसारख्या जाडीचे दिसतात. ते वाटेल त्या दिशेने जातात, फांद्या फुटतात, एकमेकांना छेदतात. मांडवावर वेल नुकता चढवला की काड्या जशा दिसतात, तसं काहीसं. कॉर्नियाच्या नसा लांब, बहुतांशी समांतर आणि मण्यांच्या माळेसारख्या. रोगप्रतिकार करणाऱ्या काटेरी पेशी बुरशीच्या तुकड्यासारख्या वाटतात, पण त्या आखूड असतात आणि बहुधा आवरणाच्या तळाच्या थरातच सापडतात. सुजलेल्या गाभ्यातल्या पेशींचं जाळंही फसवतं. अकांथअमीबा या पाण्यात राहणाऱ्या एकपेशी जिवाच्या गाठी १० ते २५ मायक्रॉनच्या, चकचकीत गोल ठिपके, कधी दुहेरी कडेच्या. साध्या नळाच्या पाण्याने कॉन्टॅक्ट लेन्स धुणाऱ्यांनी हे नाव ओळखीचं करून घ्यावं.

फांदी ४५ अंशात फुटली तर अॅस्परजिलस जातीची बुरशी, काटकोनात फुटली तर फ्युजेरियम जातीची, असा एक नियम बरीच वर्षं शिकवला गेला. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन्हींचे कोन सरासरी ६० अंशांच्या आसपासच निघाले. म्हणजे बुरशी आहे हे चित्र सांगेल, ती कुठली हे कल्चरच, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहणंच, सांगेल. आणि चित्रात काही सापडलं नाही म्हणून बुरशी नाही, असंही म्हणता येत नाही. पांढऱ्या, सुजलेल्या जखमेत प्रकाश विखुरतो, खोलवरचं झाकलं जातं. शिवाय एक चित्र ०.१६ चौरस मिलिमीटरचं आणि अख्खी कॉर्निया १०० चौरस मिलिमीटरहून थोडी मोठी. कडेला कडा जुळवून सगळी टिपायची म्हटली तरी साडेसहाशे चित्रं लागतील. म्हणून जखमेच्या मध्यापेक्षा तिच्या कडा चारही बाजूंनी तपासणं शहाणपणाचं. मध्यभागी मेलेल्या ऊतीचा गाळ असतो, वाढणारे धागे बहुधा कडेला सापडतात.

हीच अडचण नसा मोजतानाही येते. तंत्रज्ञाने सर्वांत देखणं चित्र निवडलं तर नसा भरपूर भरतात, सरसकट घेतलं तर कमी. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असेल तर त्याच यंत्रावर, त्याच जागी, आणि चित्रं निवडण्याची रीत तीच ठेवून करायला सांगावं. नाहीतर दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

बुबुळाच्या बाहेर, आणि एक ओळखीचा ड्रॉप

आतापर्यंत कॉर्नियाची गोष्ट झाली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात गॉब्लेट पेशी असतात, १०-२० मायक्रॉनच्या, पेल्यासारख्या. त्या चिकट द्राव सोडतात आणि त्यामुळे अश्रू डोळ्यावर एकसारखे पसरून राहतात. त्या कमी झाल्या की डोळ्यात पाणी असूनही ते टिकत नाही. कोरड्या डोळ्याची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर ओली होते ते पाहतात. ती पट्टी पाण्याचा हिशोब देते, या पेशींचा देत नाही. पेशी मोजायच्या तर गाळणकागदाचा तुकडा डोळ्यावर दाबून पेशी उचलायच्या आणि रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायच्या. काम चालतं, पण दर वेळी पेशी उपटाव्या लागतात.

दक्षिण कोरियातल्या पोहांग विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने यावर शोधलेला उपाय फार सुंदर आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन हा अँटिबायोटिक ड्रॉप, ०.५ टक्क्याचा, आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घातलेला बहुतेकांना आठवत असेल. हे औषध अतिनील-जांभळ्या टोकाच्या प्रकाशात स्वतः चमकतं आणि गॉब्लेट पेशींत चांगलं साठतं. म्हणजे वेगळा रंग घालायला नको. एरवी उपचारासाठी घालतात तो थेंब घालायचा, योग्य रंगाचा प्रकाश टाकायचा, आणि पेशी गडद पार्श्वभूमीवर उजळ ठिपक्यांसारख्या दिसतात. चमक पुरेशी असल्याने छिद्राने गाळण्याची गरज उरत नाही. साधा कॅमेरा एका झटक्यात पूर्ण चौकोन टिपतो.

मग अडतं कुठे? पृष्ठभाग सपाट नाही. बारा मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर एक मिलिमीटर रुंदीचा चौकोन पाहिला तर मध्य आणि कड यांत १० मायक्रॉनचा उतार असतो. पांढऱ्या भागावरच्या आवरणाला वर घड्याही असतात, त्या याहून कितीतरी मोठ्या. आणि पेशी सुट्या दाखवू शकणाऱ्या भिंगाची स्पष्टतेची खोली ५-६ मायक्रॉनच भरते. मध्य जुळवला की कड धूसर, कड जुळवली की मध्य. खोली बदलत चित्रांची चळत घ्यावी तर तेवढ्यात डोळा सरकतो.

उपाय असा: कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच जुळणीची खोली झपाट्याने वरून खालपर्यंत फिरवायची. हे काम आकार बदलणाऱ्या लवचीक आरशाने करता येतं. त्या एकाच चित्रात प्रत्येक पेशी थोडा वेळ स्पष्ट आणि बाकी वेळ धूसर नोंदली जाते. हा धूसरपणा सगळ्या खोल्यांवर जवळपास सारखाच असतो, आणि तीच गोम आहे. धूसरपणा कसा झाला हे नेमकं माहीत असलं की गणिताने तो बराचसा उलटवता येतो. शेवटी घड्या पडलेल्या पृष्ठभागावरच्या पेशी एकाच चित्रात, सगळ्या स्पष्ट. वेग इथे आधी खोली फिरवण्यासाठी खर्च केला आहे.

किंमत इथेही मोजावी लागते. जिथे पेशीच नाहीत त्या खोल्यांवरचा पार्श्वप्रकाशही चित्रात येतो आणि उठाव कमी होतो. गणिताने जास्त ताणलं तर दाणे पेशींसारखे दिसू लागतात. त्यामुळे किती चमक म्हणजे पेशी, ही रेघ कुठे ओढली ते कळल्याशिवाय आकडा वाचू नये.

न टेकता

टोपी टेकवायचीच नसेल तर पुढेमागे होणारी हालचाल पूर्णपणे अंगावर येते, कारण टोपी नकळत डोळ्याला आधारही देत असते. पॅरिसच्या लांजव्हँ संस्थेतल्या आणि कँझ-व्हँ नेत्ररुग्णालयातल्या संशोधकांनी २०२० च्या सुमारास यासाठी दोन यंत्रं एकात गुंफली. पहिलं यंत्र कॉर्निया या क्षणी नेमकी किती अंतरावर आहे ते अखंड मोजतं, आणि त्यानुसार दुसऱ्याची जुळणी सरकत राहते. दुसरं यंत्र प्रकाशलहरींच्या एकमेकींवर पडण्याचा उपयोग करून ठरावीक खोलीचाच प्रकाश वेगळा काढतं. त्यासाठी लागोपाठ दोन चित्रं घेऊन वजाबाकी करावी लागते. दोन चित्रांमध्ये डोळा हलला तर वजाबाकीत नुसता कचरा उरतो, म्हणून कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रं घेणारा लागतो. बदल्यात कडेला सव्वा मिलिमीटरचा चौकोन मिळतो, म्हणजे टेकवायच्या यंत्राच्या सुमारे दहापट क्षेत्र, आणि डोळ्याला काहीच लागत नाही.

जखमी डोळ्यासाठी हे मोठं वरदान ठरू शकतं. आज तरी टेकवून होणारी तपासणीच मोठ्या नेत्ररुग्णालयांत हाती असते, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक रुग्णांची सुरुवात खरवडून काचपट्टीवर पाहण्यापासूनच होईल. त्यात काही गैर नाही. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत. काचपट्टीवर बुरशी दिसली तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत, कॉन्फोकलच्या तारखेची वाट पाहत बसू नये.

तपासणीला जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा. काय लागलं तेही नेमकं सांगावं: द्राक्षाची काडी, उसाचं पाचट, बाजरीचं कुसळ, की अंबडच्या कारखान्यातला लोखंडाचा कण. वनस्पतीने झालेली जखम म्हटल्यावर तंत्रज्ञ धागे शोधत कडांवर जास्त वेळ देतो. डोळ्यात मलम घातलं असेल तर ते आधी सांगावं, त्याचा तेलकट थर चित्र पुसट करतो. आणि बधिरपणा ओसरायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढा वेळ डोळा अजिबात चोळू नये, कारण चोळून कॉर्निया खरचटली तरी त्या वेळी कळत नाही. घरी परतताना दुचाकी स्वतः चालवू नये. मागे बसलात तरी गॉगल लावा, कारण त्या अर्ध्या तासात धुळीचा कण गेला तरी डोळा तुम्हाला सांगणार नाही.